हीट नंबर

रात्री दोन दहाला सिस्टिम बसली.
जाता जाता तिनं ठेवलेली फाइल मी उघडली.
फाइलीत होतं : "इथे आले."
त्याखाली : "इथे पण आले."
त्याखाली : "काहीतरी चुकलं."
वाक्यं माझीच. तीन वर्षांपूर्वीची,
तिसऱ्या गेटजवळच्या खोलीत घाईनं टंकलेली.
कुठे आले? काय चुकलं? कुणाचं?
उद्यमबागेतल्या अकरा फाउंड्यांच्या ऑर्डरी
त्या एका "काहीतरी"त अडकून बसल्या होत्या.

मग महिनाभर शोधत राहिले
लॉग कसा लिहावा हे शिकवणारं कुणीतरी.
एक व्हिडिओ : अठरा मिनिटं इन्स्टॉल करण्यात गेली,
उरलेली दोन, आवडलं का विचारण्यात.
एक जाडजूड पुस्तक : चौदाव्या प्रकरणात
"लॉगिंग हा स्वतंत्र विषय आहे", आणि लगेच पंधरावं.
एक कोर्स, चार हजारांचा चारशेला, फक्त आज रात्रीपुरता.
तो रोजच आज रात्रीपुरता होता.
सगळे सांगत होते पेन कुठलं घ्यावं.
कागदावर काय लिहावं, कुणी सांगेना.

"काय शोधूलैस एवढं?" शिवलीलानं विचारलं.
सांगितलं. ती हसली नाही.
"उचगावकर अण्णांचं रजिस्टर नोडीयेन?"

नव्हतं पाहिलं.
भरमाण्णा उचगावकर, भट्टीवर एकतीस वर्षं.
रजिस्टरला हिरवं कापड, कडा करपलेल्या.
आकडे कानडी, शब्द मराठी, सही इंग्रजी,
आणि एकाही पानावर "काहीतरी" नाही.

"हीट ४१२. ओतलं ३.२०ला. ताप चौदाशे दहा, कमी आहे.
तरी ओतलं. साहेबांना फोन केला, उचलला नाही.
वाळू ओली. शेवटचे सहा नग बघून घ्या."

बघून घ्या, कुणी?
"सकाळची पाळी. ती आपल्याला
ओळखतच नाही असं धरून लिहायचं."

मग त्यांनी एक नग उलटा करून दाखवला.
पोटावर उठावाचे आकडे : ४१२.
कुठल्याशा शेतात कुठल्याशा ट्रॅक्टरमध्ये
हा तडकला, की नंबर माघारी येतो,
आणि बोट धरून नेतो
त्या रात्रीपर्यंत, त्या लॅडलपर्यंत,
न उचललेल्या फोनपर्यंत.

"आणि लिहायचं काय नाही, अण्णा?"
"कुणाला पगार किती. कोण पिऊन आलता.
रजिस्टर चार लोक बघतात, बाई.
आणि सगळंच लिहिलीस तर वाचणार कोण?
भट्टी पेटली आहे हे भट्टीच सांगते की."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं.
पण अण्णांचं घड्याळ एकच, पाळीच्या भोंग्याचं;
माझे सर्व्हर दोन देशांत, साडेपाच तास लांब.
त्यासाठी पुन्हा त्या रूक्ष मॅन्युअलकडे गेले
जे तिसऱ्या पानावर जांभई देऊन मिटलं होतं.
नवव्या पानावर होतं सगळं : वेळ कुठली धरावी,
आणि येणाऱ्या प्रत्येक मागणीला एक नंबर द्यावा,
तो शेवटपर्यंत सोबत न्यावा.
शेजारी मी पेन्सिलीनं लिहिलं : हीट.

"इथे आले" त्रेचाळीस ठिकाणी होतं. बेचाळीस काढली.
एक सापडत नाही. अजूनही एखाद्या रात्री
कुठल्यातरी कोपऱ्यातून ते म्हणतं, इथे आले.

बाकी ठिकाणी आता असं :
"ऑर्डर ८८१७. माल निघाला, बिल नाही.
बँकेला तीनदा विचारलं, उत्तर नाही.
यापुढच्या सहा ऑर्डरी बघून घ्या."

गुरुवारी दोन दहाला जाग आली.
फोन वाजत नव्हता. वाट पाहत पडून राहिले,
तो वाजलाच नाही.

सकाळी पाहिलं.
शिवलीलानं दोन चौदाला वाचलं होतं,
दोन एकतीसला दुरुस्त केलं होतं,
आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली होती :
"वाळू ओली होती. बघून घेतलं."